छपरं शाकारणारा

स्टुटगार्टला नोकरीच्या पहिल्या वर्षी, संध्याकाळच्या जर्मनच्या वर्गात तो माझ्या शेजारी बसायचा. बेलारूसचा, साठीकडे झुकलेला, छपरं शाकारणारा. नखांत डांबर. वर्गात आला की आधी मान वर करून छताला ओल आहे का ते बघायचा, मग भिजलेली टोपी हीटरवर वाळत टाकून बसायचा.

छपराला जर्मन शब्द 'दाख'. आपल्या छपरासारखाच नपुंसकलिंगी, ते दाख. हा मात्र दर वेळी 'तो दाख' म्हणायचा. बाई सोडून द्यायच्या. मी पुण्याचा, आमच्या घरात 'पानी' मागणाऱ्याला 'पाणी' म्हटल्याशिवाय घोट मिळत नसे. एके दिवशी न राहवून मी भर वर्गात म्हणालो, "अहो, तो नाही, ते!"

त्याने टोपी उचलली, झटकली.

"आमच्या भाषेत तो दाख," तो शांतपणे म्हणाला. "शब्द तुमचाच. शेकडो वर्षांपूर्वी आमच्याकडे आला, आम्ही आमचा करून घेतला. मग युद्धात तुमचे सैनिक आले. माझ्या आईच्या गावातलं एक छप्पर ठेवलं नाही, सगळी जाळली. शब्द तेवढा राहिला. आता तोही सुधारून देणार?"

बाई फळा पुसू लागल्या. पण तो त्यांच्याकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता.

मी कुठला जर्मन, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, समोरच्याची चूक न सुधारता मिटलं.