मान डोलावून ठरवलेलं लग्न

माझ्या पोरीचं लग्न मी एकदा चुकून ठरवून आलो होतो. तेव्हा ती बारावीत होती.

आम्ही सुरतेत नवागामला राहायचो, मी कापडाच्या लूमवर कामाला. वरातीपुढे टेम्पोभर स्पीकर लावायची नवी टूम निघाली होती, आणि आमची वंदना नेमकी स्पीकरला खेटून नाचायची! एका हळदीहून ती कान दाबतच आली.

"पप्पा, कानात शिट्टी वाजतेय."

लूमच्या खडखडाटात माझ्याही कानात अशीच एक शिट्टी आली होती. (पाहुणी म्हणून आली, ती घरचीच झाली!)

वंदनाची दोन दिवसांत थांबली. पण पुढच्या रविवारी पुतण्याचं लग्न होतं, पांडेसऱ्यात. मी कापसाचे बोळे काढले.

"हे घालायचे, आणि स्पीकरपासून लांब नाचायचं."

"मैत्रिणी हसतील!"

"मीपण घालतो. मग तर झालं?"

घातले. चांगले दाबून!

भरदुपारची वरात, पण मला वाटलं स्पीकर पार शहराबाहेर चलथाणला वाजतोय! लोक येऊन ओठ हलवायचे, मी मान डोलवायचो. पंगतीत एकदा डोलावली, पानात तिसरा लाडू पडला. मग नवरीचे मामा आले. वंदनाकडे बोट दाखवून काहीतरी बोलले. पोरीच्या नाचाचं कौतुक असणार! मी दोनदा डोलावली. त्यांनी मला मिठी मारली, टिळा लावला, हातात नारळ दिला. किती हा मान!

तेवढ्यात बायको धावत आली. तोंड जोरजोरात हलत होतं. मी मान डोलावली. तिने सरळ माझ्या कानातला बोळाच उपटला.

"पोर दिली तुम्ही त्यांच्या मुलाला?"

"कोणी?"

"तुम्ही!"

तिकडे साखर वाटायला सुरुवात झाली होती. मी नारळ पाठीमागे लपवला. शेवटी वंदनाच पुढे झाली.

"मामा, मला अजून शिकायचंय. आणि पप्पांना काही ऐकूच आलं नाही. माझे कान जपायला त्यांनी स्वतः कापूस घातलाय." तिने आपल्याही कानातले बोळे काढून दाखवले.

मामा थक्क! अहिराणीतच म्हणाले, "मंग इतला येळ मी कोनसंगे बोली ऱ्हायंतू?"

मग असे हसले की पागोटं सुटलं. स्पीकरपुढे नाचणाऱ्या आपल्या लेकाला त्यांनी कॉलर धरून आणलं. "भाऊ, याले बी द्या कापूस!"

वंदना पदवीधर झाली. पुढे तिचं खरंखुरं लग्न ठरायची बैठक बसली, तेव्हा बायकोने मला दाराबाहेर बसवलं. "तुम्ही फक्त चपला सांभाळा!"

सांभाळल्या. तरी व्याह्यांचा जोड मी भलत्यालाच देऊन बसलो!