तिसऱ्या फेरीत काय झालं

सोफेवाल्याचं दुकान बसथांब्याच्या मागच्या बोळात होतं. दुकान कसलं, दहा बाय बाराची खोली. तीन माणसांचा एक सोफा आत आडवा घातला की कारागिराला बाहेर उभं राहून काम करावं लागे. त्यातून हा कारागीर सहा फूट एक इंच उंच आणि रुंदीला दारापेक्षा थोडाच कमी. नाक दोनदा मोडलेलं, डाव्या भुवईवर टाक्यांची खूण. ती बघून नवं गिऱ्हाईक हमखास विचारायचं, "मास्तर, हे तुम्हीच शिवलंत का?" आणि मास्तर हमखास हसायचा. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसायचं असतं, हे वडिलांनी त्याला हातात दाभण देण्याआधी शिकवलं होतं.

तरुणपणी तो नऊ वर्षं हेवीवेट बॉक्सर होता. तेवीस लढती लढला, चौदा हरला. त्यातल्या बावीस लोक विसरले, तोही जवळजवळ विसरला. उरली ती एकच, रणगाड्याबरोबरची. रणगाडा म्हणजे त्या शहराने पाहिलेला सगळ्यात मोठा बॉक्सर. सव्वीस लढती, सव्वीस विजय. त्याने ठोसा मारून भिंत पाडली, त्याने चालता बैल आडवा केला, असल्या गोष्टी लोक तिखटमीठ लावून सांगत. सांगणाऱ्यांतल्या निम्म्यांनी त्याला कधी पाहिलेलंही नसे.

सोफेवाला त्याच्यापुढे तिसऱ्या फेरीत आडवा झाला होता. का झाला, याचं उत्तर त्याच्याकडे तयार असे. कोपऱ्यात पाणी सांडलं होतं, पाय घसरला, डोकं आपटलं. ऐकणाऱ्याला ते पटायचंही, कारण दोन फेऱ्यांच्या मध्ये बॉक्सरच्या तोंडावर पाणी मारताना मदतनीस निम्मं पाणी खाली सांडतातच. हे त्याने लग्न ठरताना बायकोला सांगितलं, पुढे मुलीला सांगितलं. बत्तीस वर्षांत इतक्या वेळा सांगितलं की ते पाणी वाढत वाढत घोट्यापर्यंत आलं होतं. बायको त्याच गोष्टीवर विश्वास ठेवून जगातून गेली. आणि ती गोष्ट साफ खोटी होती.

त्या गोष्टीला कुणी कधी हात लावला नसता. पण रणगाडा वारल्यावर दोन वर्षांनी नगरपालिकेने नव्या क्रीडागृहाला त्याचं नाव द्यायचं काढलं, आणि वर्तमानपत्रात सदर लिहिणारे एक गृहस्थ बाह्या सरसावून उभे राहिले. गृहस्थ हिशेबी होते. त्यांनी रणगाड्याच्या सगळ्या प्रतिस्पर्ध्यांची यादी काढली आणि विचारलं, की हा हरवायचा तरी कुणाला? एक पाव भाजणारा, एक नोकरी सुटलेला पहारेकरी, 'आणि एक सोफे दुरुस्त करणारा, ज्याला त्याच्याच दुकानातल्या गादीपासून वेगळा ओळखणं कठीण.' अशांना लोळवून मिळालेली कीर्ती फुगवलेली आहे, असा निकाल त्यांनी देऊन टाकला.

सोफेवाल्याने तो लेख वाचला, घडी घातली आणि चिकटवायचं काम करताना खाली अंथरला. त्याच्या मुलीला मात्र ते जमलं नाही. ती शाळेत विज्ञान शिकवायची, आणि बापाबद्दल कुणी वावगं बोललं की तिचं डोकंच फिरायचं. बापाला न विचारता तिने संपादकांना पत्र धाडलं. माझे वडील रणगाड्याच्या ठोशाने पडलेच नव्हते, ते पाण्यावरून घसरले होते, नाहीतर निकाल वेगळा लागला असता. खाली स्वतःचं पूर्ण नाव. पत्र छापून आलं.

दुसऱ्याच दिवशी सदरवाले गृहस्थ दुकानात हजर. नुकत्याच उसवलेल्या आरामखुर्चीच्या काठावर बसून ते म्हणाले, "मास्तर, तुमच्या मुलीने माझं काम केलं. रणगाड्याचा सगळ्यात गाजलेला विजय म्हणजे सांडलेलं पाणी! रविवारी सकाळी क्रीडागृहाच्या नावावर सभा आहे. तुम्ही उभं राहून एवढंच सांगायचं, मी घसरलो."

"मी बोलणारा माणूस नाही हो."

"दोन शब्द तर आहेत!"

दोनच शब्द होते, पण सोफेवाल्याला दोन्हीकडून अडवणारे. ते म्हटले तर मेलेल्या माणसाचं नाव आपल्या खोटेपणापायी पुसलं जाणार होतं. नाही म्हटले तर मुलगी गावभर तोंडघशी पडणार होती, आणि तिच्या नजरेतला बापही. त्या आठवड्यात त्याने तिला खरं सांगायचा तीनदा प्रयत्न केला. एकदा विषय काढून पडद्याच्या कापडावर नेला, एकदा तिच्या शाळेतल्या परीक्षेवर, आणि तिसऱ्यांदा "काही नाही" म्हणून उठला. चौदा लढती हरलेला माणूस, पण इतकं भ्यायल्याचं त्याला आठवत नव्हतं.

रविवारी सभागृह भरलं होतं. मुलगी पहिल्या रांगेत, ताठ बसून. सदरवाल्यांनी यादी वाचली, पत्र वाचलं आणि हात पुढे केला, "आता खुद्द मास्तरच सांगतील."

सोफेवाला उठला. मुलीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पहिल्यांदा तिच्याकडेच बघितलं.

"मी घसरलो नाही," तो म्हणाला. "पाणी होतं, पण समोरच्या कोपऱ्यात. मला त्याने मारलं आणि मी पडलो. पोरीला मीच खोटं सांगितलं, तिची काही चूक नाही."

कुजबुज सुरू झाली. त्याला खाली बसावंसं वाटलं. पण इतक्या वर्षांचं बूच निघालं होतं, आता थांबणं त्याच्या हातात नव्हतं.

"लढतीच्या महिनाभर आधी रणगाड्याच्या क्लबातली पंचिंग बॅग आमच्याकडे दुरुस्तीला आली. वडील क्लबांच्या बॅगा भरून द्यायचे. मार खाऊन आतला भरणा खाली बसतो, मग बॅग उसवायची आणि पुन्हा ठासून भरायची. बाकीच्यांच्या बॅगा अंगभर झिजलेल्या असतात. या बॅगेवर एकच झिजलेली जागा होती, माझ्या तळहाताएवढी. बाजूचं चामडं कोरं करकरीत. मी टेप लावली. खालच्या टोकापासून दोन फूट. आमच्या क्लबात बॅग जमिनीपासून दोन फुटांवर टांगायचे. दोन नि दोन चार. चार फुटांवर माझ्या बरगड्या येतात. म्हटलं, सापडला बेटा! हा बरगडीत मारतो. महिनाभर मी कोपर बरगडीला चिकटवून सराव केला. जेवतानासुद्धा."

लोक हसले. तोही जरा हसला.

"लढतीनंतर पंधरा दिवसांनी वडिलांनी मला दुसरी बॅग घेऊन त्याच क्लबात पाठवलं. टांगायला गेलो तर हात पुरेना. स्टूल मागवलं. तिथे बॅग साडेतीन फुटांवर टांगतात, कारण रणगाड्याला उंच माणसांशी लढायचं असायचं. साडेतीन नि दोन साडेपाच." त्याने दोन बोटं हनुवटीला लावली. "मी बॅग दुकानात आडवी ठेवून मोजली होती. ती टांगतात किती उंच, ते विचारलंच नाही."

सदरवाले उठलेच. "म्हणजे आणखी सोपं झालं! ज्याने हनुवटी उघडी टाकली, अशाला पाडलं. त्यात मोठेपणा कुठला?"

"साहेब, हनुवटी पहिल्या घंटेपासून उघडी होती. दुसरा कुणी असता तर घाईघाईने मारायला आला असता, आणि घाईचा ठोसा येताना दिसतो. मीही त्याला दोन दिले असते. हा दोन फेऱ्या नुसता माझ्या कोपराकडे बघत होता. हा गडी इथे काय लपवतोय, एवढंच त्याच्या डोळ्यांत. तिसऱ्या फेरीत त्याने बरगडीकडे फक्त खांदा हलवला. माझे दोन्ही हात खाली गेले, डोळेही गेले. मग एकदम छत दिसलं."

सभागृहात कुणी हसलं नाही.

"भिंत पाडली वगैरे झूट आहे," तो पुढे म्हणाला. "ती भिंत पडायलाच आली होती. बैलाचं तर नावच नको. ताकद म्हणाल तर माझ्यातही तेवढीच होती, अजून मी सोफा एकटा जिन्यावरून चढवतो. त्याच्याकडे नेम होता. आणि थांबायची अक्कल होती, ती माझ्याकडे नव्हती. लोकांनी त्याला भलत्याच गोष्टींसाठी मोठं केलं, हा काही त्याचा गुन्हा नाही. नाव द्या."

हात वर करून मतं घेतली, नाव मंजूर झालं. सदरवाल्यांनी हात वर केला नाही, पण नीट खालीही ठेवला नाही.

बाप-लेक बाहेर येऊन बसथांब्यावर उभे राहिले. मुलगी बस येणाऱ्या दिशेला बघत होती. सोफेवाल्याला वाटलं, तिने चारचौघांत दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

"पूर्ण नाव घातलं होतं मी त्या पत्राखाली," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"उद्या शाळेत सगळे विचारतील."

"माझ्यावर ढकल सगळं."

"बत्तीस वर्षं, बाबा! आईलासुद्धा?"

"तिलासुद्धा." तो म्हणाला. "एकदा सांगून बसलो गं. मग दर वेळी सोडवायचं म्हटलं की आणखी एक गाठ बसायची. तुला हरलेला बाप द्यायचा नव्हता."

बस आली, थांबली. दोघंही हलले नाहीत. चालकाने हॉर्न वाजवला, हात उडवला आणि बस गेली. मुलगी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. रागाने नाही, वर्गात एखादं गणित पुन्हा पहिल्यापासून तपासावं तशी.

"दुखलं होतं का हो?" तिने विचारलं.

हे सोफेवाल्याला कधी कुणी विचारलंच नव्हतं. घसरलेल्या माणसाला लोक फार तर पाय मुरगळला का म्हणून विचारतात. त्या लढतीनंतर अकरा दिवस त्याला घास चावता येत नव्हता. घरी त्याने दाढ दुखते म्हणून सांगितलं आणि पातळ पेज पिऊन दिवस काढले. रात्री जबडा धरून बसला, तोही एकटाच. खोटं बोलून त्याने रणगाड्याचा ठोसा लपवला होता, आणि त्याबरोबर आपलं दुखणंही कुणाला दिसू दिलं नव्हतं.

"खूप," तो म्हणाला, आणि भर रस्त्यात एवढा मोठा माणूस रडायला लागला. त्याला लाजही वाटली नाही. उलट इतकं हलकं वाटलं की हे आधीच का केलं नाही, याचाच राग आला.

मुलीने हात वर करून तळवा त्याच्या गालावर ठेवला. त्याने तो आपल्या हातात धरला आणि हळूच खाली, जबड्याच्या काठावर नेला.

"इथे," तो म्हणाला.