कपाळावरची वेळ

भाऊबीजेला ओवाळताना कुंकवाचं बोट कपाळाला टेकलं की दादाची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते. कमांडो पलटणीत जखमींना सांभाळण्यात त्याची सगळी नोकरी गेली. सुभेदार होऊन तो घरी आला, पण ही सवय काही सुटली नाही. मला वाटायचं, याला आमच्यात बसायचाच कंटाळा.

यंदा विचारलंच. तो म्हणाला, "एखाद्याच्या पायातून येणारं रक्त थांबत नसलं, की जखमेच्या वर पट्टा आवळायचा आणि आवळल्याची वेळ त्याच्या कपाळावर लिहायची. पुढं डॉक्टरला कळायला हवी ना. पेन हाताशी नसलं तर बोटानं, त्याच्याच रक्तानं."

आम्ही बहिणी भावाच्या कपाळावर बोट टेकवून आयुष्यच मागतो. दादाचं बोट तरी दुसरं काय मागत असेल?

"सगळे पोचले डॉक्टरपर्यंत?"

निरांजनाकडे बघत तो म्हणाला, "नाही गं. जे नाही पोचले, त्यांची कपाळं मीच पुसली. घरच्यांना तसं दिसायला नको."

त्याच्या नाकावर थोडं कुंकू सांडलं होतं. ते पुसायला मी पदर उचलला, आणि माझा हात तसाच राहिला.