रुमालाखालचा भाव चौसाळ्यात फुटला

शेळ्या टेम्पोत चढल्या आणि माझ्या हातात नोट तर सोडाच, चिल्लरसुद्धा नव्हती. कडा गावच्या बाजारात मी रिकामी दावी घेऊन उभी होते. जनावर विकलं तरी दावं विकायचं नसतं, ते घरी न्यायचं, ही आमची रीत.

नात बीडला कॉलेजच्या खिडकीपाशी उभी होती. वसतिगृहातली जागा पैसे भरले तरच तिची होणार होती. दुपारी खिडकी बंद झाली, की जागा यादीतल्या पुढच्या पोरीला जाणार. म्हणून शेळ्या बाजारात आणल्या. पोरीनं आदल्या दिवशी बजावलं होतं, "आज्जे, शेळ्या इकू नको, मी बघते काहीतरी." काय बघणार होती? तिच्या बापाचा ऊस अजून रानात उभा.

आमच्याकडं जनावराचा भाव तोंडानं बोलत नाहीत. व्यापारी हातावर रुमाल टाकतो, खालून बोटं दाबायची, एवढे, तेवढे. शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागत नाही. लग्न होऊन नवीन आले तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. बाजारात बघते तर आमचे मालक एका परक्या गड्याचा हात रुमालाखाली धरून बसलेले, सोडायलाच तयार नाहीत. मला आला राग. तरातरा गेले आणि रुमाल ओढला. बैलाचा सौदा तिथंच मोडला. वर मीच रडले! अशी हुशार होते मी.

आता म्हातारी झाले, आता मीच रुमालाखाली हात घालते. व्यापारी पोरगेला होता. बोटं दाबून दाबून मी त्याला घाम फोडला. सौदा ठरला तसा तो म्हणाला, "आजी, रोख न्हाई माझ्याकडं. नंबर सांगा, लगेच टाकतो."

नंबर!

सांगा, स्वतःचा नंबर कुणाला पाठ असतो? स्वतःला कोण फोन करतं? मुलानं माझं खातं फोनला जोडून दिलेलं, "टिंग वाजलं की पैसे आले" एवढं शिकवलेलं. मागं चार गिऱ्हाइकं, व्यापाऱ्याचं बोट फोनवर थांबलेलं. नंबर म्हटल्यावर जिभेवर जो आला तो मी घडाघडा म्हणून टाकला.

"बाईचंच नाव दिसतंय," तो म्हणाला.

"मग काय, बाप्याचं दिसंल व्हय?"

त्यानं खाली 'कडा बाजार, आजीचे' असं लिहिलं आणि बोट टेकवलं. "गेले."

मी माझ्या फोनकडं बघत राहिले. टिंग नाही, काही नाही. व्यापाऱ्यानं त्याचा फोन माझ्या नाकापुढं धरला, त्यावर हिरवी बरोबरची खूण. टेम्पो निघाला. आणि तेव्हा माझा फोन वाजला. टिंग नव्हे, चांगली घंटी. वर नाव नाही, नुसता नंबर. तोच, जो मी आत्ता घडाघडा म्हटला होता.

तो नंबर माझ्या विहिणीचा होता. सुनेच्या आईचा.

तो पाठ कसा, तेही सांगते. मुलाच्या लग्नात हिनं मला मानाची साडी दिली ती पातळ. मी भर मांडवात ती उन्हाकडं धरली आणि आरपार दिसणारी माणसं मोठ्यानं मोजून दाखवली. चाळिशीतली बाई मी, आणि अक्कल पाळण्यातली! तेव्हापासून बोलणं बंद. पुढं फोन आले, तर सून म्हणाली, आईचं नाव घालून ठेवते. मी म्हणाले, ती माझ्या फोनात बसायची न्हाई. नाव नाही, मग कुणाचा फोन उचलायचा नाही हे कळावं म्हणून नंबरच पाठ केला. देवाच्या आरतीसारखा.

तो फोन मी पहिल्यांदा उचलला.

"विहीणबाई," पलीकडून आवाज, "खाली 'कडा बाजार, आजीचे' लिवलंय, म्हंजी तुमीच. इतके पैसे कशापायी पाठवले? साडीचे का?"

तिचं चौसाळ्याला हायवेला बांगड्यांचं दुकान. पैसे आले की आकडा ओरडून सांगणारा डबा असतो ना, तो तिच्या काउंटरवर. म्हणजे जो भाव मी रुमालाखाली झाकला, जो माझ्या शेजारच्या माणसाला कळला नाही, तो चौसाळ्यात भर दुकानात डब्यानं बोंब मारून सांगितला होता!

"डब्बा वरडला तशी गिऱ्हाईक बाई अर्धी बांगडी हातात ठेवून बघाया लागली," ती म्हणाली. "काय इकलं म्हणायचं?"

"शेळ्या," मी म्हणाले. "पोरीची फी हाय. खिडकी बंद होईल. चुकून तुमच्याकडं गेले."

"नंबर माझा पाठ हाय व्हय तुमाला?"



"माझ्याकडं टाकू नका," मी म्हणाले. "पोरीलाच टाका. पण टाका, पाया पडते."

"थांबा, गिऱ्हाईक हाय." आणि फोन कट.

मी कडुलिंबाखाली बसले. म्हटलं, झालं. ज्या बाईला मी मांडवात उघडं पाडलं, तिच्या खात्यात माझी जनावरं जाऊन बसली. शेळ्या गेल्या, जागा गेली, भाव फुटला. नुसतं बोट टेकवलं, तेवढ्यात! आमच्या काळात पैसा चोरायलासुद्धा चोराला चालत यावं लागायचं. मी दावी गुंडाळत होते आणि सोडत होते, गुंडाळत होते आणि सोडत होते.

फोन वाजला. नात.

"आज्जे! जागा मिळाली!" पोरगी हसत होती की रडत होती कळेना. "चौसाळ्याच्या आज्जीनं फी टाकली. अगं, न सांगता, न मागता! मी इचारलं तर म्हणली, नात काय तिच्या एकटीचीच हाय का?"

पैसे माझ्याच शेळ्यांचे, आणि नाव तिचं!

"आज्जे, ऐकतीस का? आता तू शेळ्या इकू नको बरं."

बाजाराच्या पलीकडं टेम्पोची धूळसुद्धा खाली बसली होती. मी मांडीवरच्या दाव्यांकडं बघितलं.

"बरं बाई," मी म्हणाले, "न्हाई इकत."