तीन दिवसांचा मुक्काम

हरी ठोंबरे एकतीस वर्षं मोहोपाड्याजवळच्या एका कारखान्याच्या गेटवर होता. आत जाणाऱ्याचं नाव लिहायचं, बाहेर पडणाऱ्याचं खोडायचं. महिन्यातून एकदा धोक्याच्या सरावाचा भोंगा वाजे, सगळे मैदानात जमत आणि हरी डोकी मोजी. एकदा एक डोकं कमी भरलं. ज्याचं होतं तो अंगात ताप भरला म्हणून कुणाला न सांगता घरी जाऊन झोपला होता. पण हे कळायला चाळीस मिनिटं लागली, आणि ती चाळीस मिनिटं हरीच्या अंगात शिरली ती नोकरी संपल्यावरही बाहेर पडली नाहीत. कुणाला यायला उशीर झाला की त्याचे तळवे गार पडत. मग तो ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत राही.

निवृत्त झाल्यावर तो कर्जतजवळ कोंडाण्याला आपल्या घरी आला. बायको अनसूया आधीपासून तिथंच होती, शेती तिनंच सांभाळली होती. मुलगा मनोज शेलूला नव्या इमारतीत राही. आईवडिलांनी तिकडे यावं म्हणून तो दोन वर्षं मागे लागला होता. हरीनं घराच्या मागे, डोंगराकडे तोंड करून, पाहुण्यांसाठी एक खोली बांधली होती. शनिवारी मुंबईची पोरं येत, दंगा करत, रविवारी जात.

"याला तुम्ही सोबत म्हणता?" मनोज म्हणाला होता. "एक माणूस महिनाभर राहिलेला दाखवा, मी शेलूचं नाव काढणार नाही. नाही तर दिवाळीला सामान बांधा."

हरीनं मान डोलावली होती. शेलूच्या पाचव्या मजल्याची त्याला धास्ती होती. तिथल्या खिडकीतून खूप माणसं जाताना दिसत. कोण कुणाचं ते कळत नसे.

ऑक्टोबरात माधवी लिमये आल्या. सांगलीला शाळेत भूगोल शिकवलेला, आता चौसष्ट वर्षांच्या, एकट्या. त्यांना दोन महिन्यांत हा सगळा टापू पाहायचा होता. इकडे माथेरान, पेठचा किल्ला, भीमाशंकरच्या वाटा. तिकडे खालापुरात इर्शाळगड, सोंडाई, महडचा गणपती.

"रोज बोचकं आवळायचं माझं वय नाही, हरीभाऊ," त्या म्हणाल्या. "एका घरी राहायचं. सकाळी निघायचं, संध्याकाळी तिथंच यायचं. फक्त ते घर नीट निवडायला हवं."

त्यासाठी त्यांनी तीन जागा ठरवल्या होत्या, प्रत्येकीत तीन दिवस. कर्जत गावात सुरभी नावाच्या नर्सबाईंकडे राहून झालं होतं. खालापुरात हमरस्त्याजवळ राहून झालं होतं, तिथं ट्रकांनी झोप लागू दिली नाही. कोंडाणं तिसरं. रविवारी त्या ठरवणार होत्या.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी ओट्यावर नकाशा पसरला, अनसूयेकडून आमटीची वाटी मागून घेतली, ती कोंडाण्यावर उपडी घातली आणि कडेनं पेन्सिल फिरवली. "एवढं तासाभरात होतं. आणि हे एवढं होत नाही."

"सगळं होतं, बाई," हरी घाईनं म्हणाला. "कमळ्याची रिक्षा हाय. जवळच हाय सगळं."

"तुमचं जवळ नि माझं जवळ," बाई हसल्या. पण त्यांनी वाटी पुन्हा एकदा ठेवून पाहिली. हरीचा जीव त्या वाटीखाली अडकला होता.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, सकाळी सातला बाई बूट घालून ओट्यावर आल्या. हातात काठी, पाठीला पिशवी. पायरीपाशी त्या क्षणभर थांबल्या. हरीकडे पाहिलं, मग अनसूयेकडे.

ठोंबऱ्यांच्या घरात निघालेल्या माणसाला 'कुठं' असं कुणी विचारत नाही. विचारलं की जाणाऱ्याच्या मागे अपशकुन लागतो. त्याची गरजही पडत नसे, कारण जाणारा आपणहून सांगून उतरे. मळ्यात जातो गं, कर्जतला जातो गं, की पायरी. बाईंना हे ठाऊक नव्हतं. आणि त्यांना हे ठाऊक नाही, हे हरीच्या ध्यानात आलं नाही. तो त्या सांगतील म्हणून थांबला.

"बरं, येते मी," बाई म्हणाल्या आणि उतरल्या.

"सावकाश या," अनसूया म्हणाली.

दुपारी एकला अनसूयेनं पाहुण्यांचं ताट झाकून ठेवलं. दोनला हरीनं ते उघडून पाहिलं, जणू ताटावरून काही कळणार होतं. तीनला त्यानं फोन लावला. फोन आवाक्याबाहेर होता. पण या खोऱ्यात अर्धे फोन आवाक्याबाहेरच असतात, त्यावरून काही ठरत नव्हतं.

चारला तो नाक्यावर गेला. कमळ्या रिक्षात पाय वर घेऊन पडला होता.

"बाईंना सोडलंस का रं सकाळी?"

"कंच्या?"

"आमच्या. पाहुण्या."

"माझ्यात नाय बसली. सातच्या एसटीनं गेली आसंल. का रं काका, पाहुणी हरवलीस?" कमळ्या हसला. मग हरीचा चेहरा बघून त्यानं पाय खाली घेतले. "कुठं जाते बोलली?"

"नाय बोलली."

"मग तू ईचारायचं नाय?"

एसटीनं गेली असेल तर कर्जत, आणि कर्जतहून सगळीकडे वाटा फुटत होत्या. पायी गेली असेल तर वरची लेणी, नाही तर राजमाचीची चढण. पावसाळा संपून गवत छातीपर्यंत आलेलं, वाट दिसत नाही, ओढ्यातल्या दगडांवर शेवाळ. दर दिशेला एक बाई पडलेली त्याला दिसू लागली. घरापासून जितक्या वाटा, तितक्या बाया. कुठल्या एकीकडे धावायचं?

तो घरी आला आणि बाईंच्या खोलीच्या दारात उभा राहिला. परक्या बाईच्या खोलीत शिरावं की नाही, या विचारात आणखी दोन मिनिटं गेली. शेवटी शिरला. नकाशा खाटेवर होता. तीन गावांवर तीन वर्तुळं, एकमेकांत गुंतलेली. आजचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"काय शोधताय?" मागून अनसूया आली.

"महडला गेली आसंल का गं? देवाला?"

"भाकरी नेलीय तिनं. दोन भाकऱ्या नि लसणाची चटणी, मीच बांधून दिली. देवाला जाणारी बाई चटणी-भाकर कशाला नेईल? वर गेलीय ती."

"आन हे तू आत्ता सांगतेस?"

"तुमी आत्ता ईचारलंत! सकाळधरनं येरझाऱ्या घालताय, तोंड उघडलंत का?"

हरी आणि कमळ्या लेण्यांच्या वाटेला लागले तेव्हा पाच वाजायला आले होते. ऊन डोंगराच्या कडेवर चढत चाललं होतं, खाली सावली भरत होती. हरी दर वळणावर हाक मारी. हाक समोरच्या कड्यावर आपटून त्याच्याच आवाजात परत येई आणि तो प्रत्येक वेळी दचके.

"काका, हळू. तुला उचलायची पाळी आणशील," कमळ्या म्हणाला.

चौथ्या की पाचव्या हाकेला उत्तर आलं. ओढ्याच्या पलीकडे एका धोंड्यावर बाई बसल्या होत्या. उजव्या पायातला बूट काढलेला, घोटा वांग्यासारखा सुजलेला. त्या घाबरलेल्या नव्हत्या. बऱ्याच वेळापूर्वी घाबरून झाल्यासारख्या दिसत होत्या.

"अकरापासून इथंच आहे," त्या म्हणाल्या. "दोन पोरं वर जाताना दिसली होती, ती दुसऱ्या वाटेनं उतरली असावीत. तुम्ही कसे आलात?"

"चटणीवरनं," कमळ्या म्हणाला. बाईंना ते समजलं नाही, तरी त्या हसल्या.

"सकाळी मी थांबले होते हो पायरीवर. म्हटलं, विचारतील. कर्जतच्या सुरभीबाई कुठं, कधी, कुणाबरोबर, सगळं विचारायच्या. मला वैताग यायचा. आज या धोंड्यावर त्यांची फार आठवण आली."

"आमच्यात ईचारत नाय, बाई. सांगून जातात."

"मला काय माहीत?"

"बरोबर हाय. तुमाला काय माहीत."

दोघांनी दोन बाजूंनी धरलं आणि ते उतरू लागले. दहा पावलं, मग थांबायचं. पुन्हा दहा पावलं. बाई मधेच बोलत. वर लेण्यात त्या एकट्याच होत्या. दगडात कोरलेल्या लाकडासारख्या तुळया बघत तासभर बसल्या होत्या, आणि तिथंच त्यांचं ठरलं होतं.

"रविवारपर्यंत थांबायची गरज नाही," त्या म्हणाल्या. "पाय बरा व्हायला लागतील तेवढे दिवस लागतील. मी तुमच्याकडेच राहणार. दोन महिने. आता रोज सांगून जाईन, मग तर झालं?"

हरी ज्याची वाट बघत होता ते हेच होतं. दोन महिने. मनोजनं तर एकच मागितला होता. त्यानं 'हो' म्हणायला तोंड उघडलं आणि त्याला साठ सकाळी दिसल्या. साठ वेळा ही बाई पायरी उतरणार. सांगून उतरणार, तरी उतरणारच. साठ दुपारी झाकलेलं ताट, साठ वेळा रस्ता. कारखान्यात निदान पाळी संपत असे.

"नका, बाई," तो म्हणाला. "कर्जतला राहा. तिथं नर्सबाई हाय, दवाखाना हाय, फोन लागतो. चारी बाजूंना गाड्या हायत. तुमची वाटी त्याच गावावर नीट बसते."

बाई थांबल्या. "तुम्हाला मी नको आहे का?"

"तसं नाय. मला जमनार नाय."

"काय जमणार नाही?"

त्यानं त्यांचा हात खांद्यावर नीट घेतला आणि पुढचं पाऊल टाकलं. पायाखाली गवत करकरत होतं. "वाट बघाय," तो म्हणाला.

बाई पुन्हा दहा पावलं चालल्या. कमळ्यानं त्याच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं.

शनिवारी सकाळी कमळ्याच्या रिक्षातून बाई कर्जतला गेल्या. जाताना त्यांनी अनसूयेचा हात दोन्ही हातांत धरला. हरीला नमस्कार केला, जरा लांबूनच. रिक्षा वळणाआड गेली आणि हरीला जाणवलं, तळवे गरम आहेत. काल दुपारपासून पहिल्यांदा. त्याला त्याची लाज वाटली. तरीही तळवे गरमच होते.

"तिला ईचारायला जीभ उचलत नव्हती," अनसूया म्हणाली, "घालवायला बरी उचलली."

दुपारी मनोजचा फोन आला.

"राहिली का बाबा ती बाई?"

"राहत व्हती. मीच नको बोललो."

"मग? दिवाळीला येताय?"

"येतो."

"आई काय म्हणते?"

हरीनं अंगणाकडे पाहिलं. अनसूया भात झोडपण्यासाठी खळं सारवत होती, पाठमोरी. तिनं हात थांबवला नव्हता, पण तिला सगळं ऐकू जात होतं.

"सांगा त्याला," ती न वळता म्हणाली, "बापाला घेऊन जा. पाचव्या मजल्यावर बसव, दाराला कडी लाव, म्हंजी कुणी जायाचं नाय आन कुणी यायाचं नाय. माझं भात उभं हाय. मी हितंच हाय."

"काय म्हणाली?" मनोज विचारत होता. "बाबा? ऐकू येतंय ना?"

हरी फोन कानाला धरून उभा राहिला. आता शेलूहून अनसूयेची वाट बघायची, रोज, इतक्या लांबून. तळवे पुन्हा गार पडू लागले होते.