पुसलेला कप्तान

माझे भाऊजी कप्तान होते. हे मी आजवर ज्याला ज्याला सांगितलं त्याने "कुठल्या जहाजावर?" असंच विचारलं, त्यामुळे पुढचं सांगायचा मला आता कंटाळा येतो. जहाज अंतराळातलं होतं, प्लायवूड आणि पुठ्ठ्याचं होतं आणि दर आठवड्याला टीव्हीवर उडायचं. अजूनही उडतं. फक्त आता ते कॉम्प्युटरवर बनवतात, त्यामुळे त्याचे खिळे दिसत नाहीत.

या मालिकेत कप्तान मरत नाही. नट म्हातारा झाला किंवा डोईजड झाला, की कप्तान एका काचेच्या पेटीत जाऊन आडवा होतो. झाकण लागतं, आत धूर भरतो, झाकण उघडतं आणि पेटीतून नवा नट उठून बसतो. आठवणी जुन्या, अंग नवं. कुणा लेखकाने काढलेली ही पळवाट, पण लोकांनी ती डोक्यावर घेतली. आजवर वाहिनीच्या हिशेबात पाच कप्तान झाले. आमच्या घरच्या हिशेबात सहा.

पहिला कप्तान म्हणजे लोकांचा जीव की प्राण. त्याचं निर्मात्यांशी बिनसलं आणि तो एक दिवस तरातरा निघून गेला. पेटीत झोपायलासुद्धा थांबला नाही. नवा नट म्हणून भाऊजींना आधीच निवडलेलं होतं, नाटकात छोटीमोठी कामं करायचे ते. आता पेटीत झोपायचं कोणी? शेवटी भाऊजींच्याच डोक्यावर पहिल्याच्या केसांचा टोप चढवला आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून त्यांना झोपवलं. तेव्हा तुकडे जोडणं कटकटीचं असायचं, म्हणून सगळं एका दमात घ्यायचे. झाकण लागलं, धूर भरला, की त्या धुरात भाऊजींनी टोप ओढून काढायचा, पायाशी कोंबायचा, कूस बदलायची आणि झाकण उघडलं की उठून बसून म्हणायचं, "जहाज अजून माझंच आहे." म्हणजे मेलेही तेच आणि जन्मलेही तेच. खोकला न येऊ देणं हे त्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, असं ते सांगायचे.

एक वर्ष टिकले. लोकांना ते मुळीच आवडले नाहीत. रस्त्यात बायका ताईला थांबवून विचारायच्या, "पहिले परत कधी येणार?" ताई काय सांगणार, कप्पाळ? वर्ष संपलं, भाऊजी पेटीत झोपले, तिसरा उठला, आणि देशभर सगळ्यांनी हुश्श केलं.

हेही चाललं असतं. पण त्या काळी टेपा महाग. जुनं कोणी परत मागत नसेल, तर वाहिनी त्याच टेपेवर दुसरं काही घेऊन टाकायची. पहिल्याची वर्षं लोक सारखी मागत, ती राहिली. भाऊजींचं वर्ष कोणीच मागितलं नाही. त्याच्यावर कुस्तीचे सामने चढवले, कुस्त्यांवर आणखी काही. पुढे जुने भाग पुन्हा दाखवायला काढले तेव्हा पहिल्यानंतर थेट तिसरा आला. मग वाहिनी तिसऱ्यालाच दुसरा म्हणायला लागली आणि बघता बघता सगळेच म्हणायला लागले.

माझी भाची तेव्हा पाळण्यात होती. तिने बापाला कप्तान म्हणून पाहिलंच नाही. शाळेत तिने सांगितलं तर पोरांनी तिला थापाडी ठरवलं. घरात भाऊजींचा कप्तानाच्या कोटातला एक फोटो होता, पण कोट घालून फोटो कोणीही काढतं, असं पोरांचं म्हणणं, आणि त्यात चूक काय होतं? एकदा जेवताना तिने भाऊजींना विचारलं, "बाबा, तुम्ही खरंच होतात का?" ताईने तिला धपाटा घातला. त्या दिवसापासून भाऊजींसमोर हा विषय निघाला नाही, आणि त्यांच्या मनातून तो एक क्षणही गेला नाही. आपण वाईट होतो, लोकांनी हाकललं, हे त्यांनी पचवलं होतं. पोरीला आपण एकदा तरी दिसावं, एवढंच त्यांना हवं होतं. मला ते माहीत होतं, कारण त्यांनी ते एकदा मला सांगितलं आणि मग मान खाली घालून बराच वेळ रडले.

नाटकं सुटली. भाऊजी चष्म्याच्या दुकानात कामाला लागले ते शेवटपर्यंत. गिऱ्हाईकाच्या नाकावर फ्रेम बसवायची, मागे होऊन बघायचं, कानामागची काडी गरम करून वाकवायची. दिवसभर त्यांच्या तोंडासमोर तोंड धरून माणसं बसायची आणि एकालाही ओळख पटली नाही. आमच्या घरात मात्र हळूहळू एक समजूत पक्की होत गेली, की भाऊजींचं काम झकास होतं, लोकांनाच कळलं नाही. टेपाच नसल्यामुळे ही समजूत छान धष्टपुष्ट झाली. ताई तर शपथेवर सांगायची.

आणि मग मागच्या वर्षी वाहिनीचा फोन आला. मालिकेला इतकी वर्षं झाली म्हणून खास भाग करताहेत, सगळे कप्तान त्यात दिसणार आहेत, तुम्ही यायचं. भाऊजींनी पुढचं काही विचारलंच नाही. फोन ठेवला आणि तसाच उचलून लेकीला लावला. ती दुसऱ्या शहरात असते, हाडांच्या दवाखान्यात लोकांना पुन्हा चालायला शिकवते. एरवी तिला रजा मिळत नाही. या वेळी मिळाली.

गाडी माझी, म्हणून मीही गेलो. भाऊजी मागे बसून ओठातल्या ओठात ते वाक्य घोळवत होते. ताईने शर्टाला इतकी कडक इस्त्री केली होती की त्यांना मान वळवता येत नव्हती. भाची दर थोड्या वेळाने त्यांच्याकडे बघून हसत होती. तिला मी लहानपणापासून बघतोय, इतक्या खुशीत मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

स्टुडिओत रंगभूषा करणाऱ्या बाईंनी आपल्या डब्यातून केसांचा टोप काढला.

"टोप कशाला?" भाऊजी म्हणाले. "मी माझ्याच केसांत होतो."

दिग्दर्शक तरुण होता, अदबीने वागत होता. उगाच खोटं कशाला बोलू. "काका, पहिले कप्तान तर आता नाहीत," तो म्हणाला. "आमच्या जुन्या लोकांनी सांगितलं, तुमची पाठ अगदी त्यांच्यासारखी आहे. तुम्ही फक्त पाठमोरे झोपायचं. बाकी आम्ही बघतो."

"आणि माझा कप्तान?"

"तुमचं काही शिल्लकच नाही ना, काका. नव्या लोकांना कळायचं नाही हे कोण."

माझं डोकं सणकलं. "भाऊजी, चला," मी म्हणालो. "यांची पाठ यांनाच लखलाभ."

"बाबा, नको वाटत असेल तर जाऊ या," भाची म्हणाली.

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. 'पोरीने माझ्यासाठी रजा काढलीय', हे त्यांच्या तोंडावर मला स्पष्ट वाचता आलं. "आलोच आहोत तर झोपतो," ते म्हणाले.

पेटी नवी होती, पण तशीच. भाऊजी टोप घालून आत गेले, गुडघे सांभाळत कुशीवर झाले. बाहेरच्या छोट्या पडद्यावर मी आणि भाची बघत होतो. खरंच पहिलाच झोपल्यासारखा दिसत होता. झाकण लागलं, धूर भरला. काम एवढंच होतं. दिग्दर्शकाने हात वर केला आणि त्यांना बाहेर काढायला दोघांनी झाकण उचललं. कॅमेरा अजून बंद केला नव्हता.

धुरातून भाऊजी उठून बसले. डोक्यावर टोप नव्हता. सवयीने झालं की ठरवून, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. त्यांनी मान ताठ केली, एक हात उगाचच छताकडे उंचावला, डोळे मोठे केले आणि चिरक्या, ताणलेल्या आवाजात म्हणाले, "जहाज अजून माझंच आहे."

वाईट होतं. काय सांगू तुम्हाला, फार वाईट होतं. ते वय नव्हतं, थकवाही नव्हता. मी ते त्या वर्षीही टीव्हीपुढे बसून पाहिलं होतं. तोच हात, तेच डोळे, सुरुवातीला चढून शेवटाला घसरणारा तोच आवाज. तेव्हाही असंच होतं. कोणीतरी फिसकन हसलं. मग गंमत समजून दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या. "मस्त, काका," दिग्दर्शक म्हणाला, आणि कॅमेरावाल्याला हळूच सांगितलं, "शेवटचं उडवून टाक."

भाची पडद्याकडे बघत होती. तिचं हसू कधी मावळलं ते मला कळलं नाही. तिने डोळे पुसले नाहीत, काही नाही, नुसती उभी राहिली. इतकी वर्षं जे दाखवायचं राहिलं म्हणून आम्ही हळहळलो, ते तिने शेवटी पाहिलं होतं.

परतीच्या वाटेवर भाऊजींनी विचारलं, "पाहिलंस ना?"

"पाहिलं, बाबा."

"कसं झालं?"

"छान झालं," भाची म्हणाली. जराही न अडखळता म्हणाली. दवाखान्यात जिचे पाय परत चालणार नाहीत अशा बाईशी ती याच आवाजात बोलत असणार.

आरशात मला भाऊजी दिसत होते. त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं, बघतच राहिले. मग तिचा हात हातात घेऊन थोपटला आणि खिडकीकडे वळले.

"बरं झालं," ते म्हणाले. "तेव्हाचं पुसून टाकलं ते बरं झालं."