भट्टीच्या अर्जावर मी लिहिलेलं शून्य

भैरवगढच्या, कापडावर ठशांनी छापकाम करणाऱ्यांच्या अर्जावर ‘बचत : शून्य’ असा शेरा मी लिहिला. कोणाचं दडपण नव्हतं. तो शेरा खोटा आहे हे मला लिहितानाच माहीत होतं, आणि तरी मी सही करून फाइल पुढे सरकवली.

भैरवगढ हा उज्जैनचाच एक भाग, आणि मी उज्जैनमध्येच एका सरकारी कार्यालयात अभियंता आहे. धूर आणि इंधन कमी करणाऱ्या कामांनाच आता आधी निधी द्यायचा, असा आदेश आला आणि अर्ज तपासायचं काम माझ्याकडे आलं. मला ते मनापासून आवडलं होतं. इतकी वर्षं नुसते रस्ते मोजले, आता काही बरं हातून घडेल असं वाटलं होतं.

भैरवगढच्या गटाला धूर न करणारी एक सामाईक भट्टी हवी होती, पाणी उन्हावर तापवून घेणारी. छापलेलं कापड तिथे धावड्याची फुलं घालून तांब्याच्या मोठ्या भांड्यात तासन्‌तास उकळतात, तेव्हा कुठे लाल आणि काळा रंग उठतो. खाली लाकूड जळत असतं. अर्ज गटातल्या एका साठीच्या बाईंच्या नावाने होता. पाहणीला गेलो तेव्हा त्या भट्टीपाशी काठीने कापड ढवळत होत्या. डॉक्टरांनी त्यांना धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. मी दोन मिनिटांत डोळे चोळत बाहेर आलो.

पण आमच्या फॉर्ममध्ये बचत काढायची ती विजेच्या जुन्या बिलांवरून. यांच्या भट्टीला वीजच नाही, तर बिल कुठलं? बाईंनी लाकडाच्या वखारीच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून जोडल्या होत्या. त्या कुठे धरायच्या, मला कळेना.

“लकडी का कॉलम है क्या?” शेजारच्या टेबलावरचे सहकारी हसले. “नहीं है ना? फिर काहे माथा फोड रहे हो, साहब? नया कॉलम बनाओगे तो भोपाल से नई चिठ्ठी आएगी, और जवाब भी आप ही दोगे.”

मी शून्य लिहिलं, आणि अर्ज फेटाळला गेला. त्याच गठ्ठ्यात रामघाटाकडे जाणाऱ्या एका अंधाऱ्या रस्त्यावर शोभेचे दिवे लावायचं काम होतं. तिथे आधी एकही दिवा नव्हता. कागदावर मात्र जुन्या पद्धतीचे दिवे लावले असते तर किती वीज लागली असती, ते धरून मोठी बचत दाखवली होती. न लावलेल्या दिव्यांची बचत मी मंजूर केली.

बायकोला हे सांगितलं ते काही महिन्यांनी, चहा पिताना. ती शाळेत शिकवते. तिने कप खाली ठेवला.

“अहो, मग खाली एक ओळ जास्तीची लिहायची ना! त्याला काय परमिशन लागते?”

त्या आठवड्यात मी वरच्या कार्यालयाला टिपण पाठवलं : माझा शेरा चुकीचा होता, लाकडाच्या पावत्या धरून अर्ज पुन्हा तपासावा. अजून उत्तर आलेलं नाही. येईलच असं नाही. तेवढ्यावर थांबायचा माझा विचार होता, पण बसवेना. भैरवगढला गेलो.

भट्टीपाशी आता बाईंची सून होती. पदर नाकाशी धरून ढवळत होती. बाई बाहेर ओट्यावर ठसे धूत बसल्या होत्या, आणखी दोघी-तिघी कापड वाळत घालत होत्या. मला पाहून बाई गडबडीने उठल्या.

“साहब, कौन सा कागज रह गया था? मैंने अंगूठा गलत जगह लगा दिया था ना?”

“इन्होंने ही सबका काम बिगाडा,” कापड झटकत एक जण म्हणाली. बाकीच्या हसल्या. बाई हसल्या नाहीत, नुसती मान खाली घातली. इतके महिने त्या गल्लीत माझी चूक त्यांच्या नावावर चालली होती.

एकांतात सांगायचं ठरवून आलो होतो. आता ते पुरणार नव्हतं. सुनेलाही ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो,

“अम्मा, आपके कागज पूरे थे. अंगूठा भी सही था. गलत मैंने लिखा, जानते हुए लिखा. आप सबसे माफी माँगने आया हूँ.”